मणका सरकलेला नसतो, तरी हात लावल्यावर बरं का वाटतं? ऑस्टिओपॅथीबद्दल थोडं नीट

कमरेत उसण भरली की आपल्याकडे सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी शेकायला सांगतं, कुणी लेप लावायला, कुणी गावाकडच्या हाडवैद्याचा पत्ता देतं. पायाळू माणूस शोधून त्याचा पाय कमरेला लावून घेणारे लोकही अजून भेटतात. आता या यादीत ऑस्टिओपॅथीची भर पडली आहे. शहरातल्या दवाखान्यांच्या पाट्यांवर हे नाव दिसतं, मोबाइलवर मणके कडाकडा मोडल्याचे व्हिडिओ फिरतात, आणि लंडनला राहणारी आतेबहीण फोनवर सांगते की तिची मान ऑस्टिओपॅथने मोकळी केली. गोळ्या नाहीत, सुई नाही, सगळं हातानेच. ऐकायला फारच बरं वाटतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. कंबर, पाठ आणि मान यांच्या नेहमीच्या दुखण्यांवर या हातांचा थोडा, पण खरा उपयोग होतो. तो का होतो याचं जे कारण पेशंटला सांगितलं जातं, ते मात्र बहुतेक वेळा चुकीचं असतं. आणि त्या चुकीच्या कारणाचा धागा धरूनच ही पद्धत दमा, अपचन, बाळाचं रडणं अशा ठिकाणी जाऊन पोहोचते, जिथे तिचं काही काम नाही.

या पद्धतीचे जनक अँड्र्यू टेलर स्टिल १८२८ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात जन्मले. वडील धर्मोपदेशक आणि वैद्य, त्यांच्याच हाताखाली मुलगा शिकला. पुढे तो अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढला. १८६४ साली मेंदूज्वराच्या साथीत त्यांची तीन मुलं गेली. त्या काळचे डॉक्टर द्यायचे काय? पाऱ्याचं कॅलोमेल, अफू, जुलाब, शिवाय शीर कापून रक्त काढणं. स्टिल यांचा त्या सगळ्या औषधांवरचा विश्वास उडाला, आणि तो उडण्यासारखाच होता. शरीराला स्वतः बरं होता येतं, फक्त त्याच्या वाटेतले अडथळे काढले पाहिजेत, असं ते म्हणू लागले. २२ जून १८७४ ही त्यांनी या विचाराची जन्मतारीख म्हणून सांगितली आहे.

अडथळा म्हणजे काय, तर हाडाची बिघडलेली जागा. हाड जागेवरून थोडं हललं की रक्तवाहिनी आणि नस दाबली जाते, रक्त नीट पोहोचत नाही आणि मग रोग होतो, असा त्यांचा सिद्धांत. लहानपणची एक गोष्ट त्यांनी आत्मचरित्रात लिहिली आहे. डोकं दुखत होतं म्हणून त्यांनी दोन झाडांमध्ये दोरी जमिनीपासून थोडी वर बांधली, तिच्यावर घोंगडं टाकलं आणि मान टेकवून पडून राहिले. झोप लागली, उठले तेव्हा डोकं शांत होतं. मानेच्या वरच्या टोकाला, कवटीच्या खाली सावकाश दाब दिला की काही प्रकारची डोकेदुखी हलकी होते, हे आजचा फिजिओथेरपिस्टही सांगेल. निरीक्षण पक्कं होतं. त्यावर त्यांनी उभारलेली इमारत तेवढी पक्की नव्हती.

ते राहत होते त्या कॅन्सस राज्यात कुणी उभं केलं नाही, म्हणून ते मिसुरी राज्यात गेले आणि गावोगावी ‘विजेच्या वेगाने हाडं बसवणारा’ अशी स्वतःची जाहिरात करत फिरले. म्हणजे सुरुवात आपल्या हाडवैद्याच्या फार जवळची आहे. १८९२ साली कर्क्सव्हिल या गावात त्यांनी शाळा काढली. पहिल्याच तुकडीत मुलीही होत्या, ही त्या काळाच्या मानाने मोठी गोष्ट. पेशंट आगगाडीने येऊ लागले. त्यांतले बरेच बरे का होत असतील याचं एक साधं उत्तर पारा आणि जुलाबांत आहे: स्टिल यांच्याकडे निदान विष तरी मिळत नव्हतं.

पुढे एकाच झाडाच्या दोन फांद्या दोन देशांत अगदी वेगळ्या वाढल्या, आणि आपल्या लोकांचा खरा गोंधळ होतो तो इथे. अमेरिकेत ऑस्टिओपॅथीची कॉलेजं हळूहळू पूर्ण वैद्यकीय कॉलेजं झाली. तिथला ‘डी.ओ.’ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) पदवीधर औषधं लिहून देतो, शस्त्रक्रिया करतो, आयसीयू सांभाळतो. तिथे वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्यांपैकी चौथा हिस्सा तरी आज याच कॉलेजांत असतो. १९६२ साली कॅलिफोर्नियात तर ६५ डॉलर भरून डी.ओ. मंडळींना एम.डी. ही तिथली नेहमीची डॉक्टरकीची पदवी देऊ केली गेली आणि बहुतेकांनी ती घेतली. तेव्हा न्यू जर्सीतल्या भाचीला ऑस्टिओपॅथिक कॉलेजात प्रवेश मिळाला तर ‘म्हणजे खरी डॉक्टर नाही का?’ असं विचारू नका. ती खरीच डॉक्टर होणार आहे. यातले बरेच डॉक्टर हाताने उपचार करतच नाहीत किंवा क्वचित करतात, हा भाग वेगळा.

ब्रिटनमध्ये ही विद्या जॉन मार्टिन लिटलजॉन यांनी नेली आणि १९१७ साली लंडनला शाळा उघडली. तिथला ऑस्टिओपॅथ डॉक्टर नसतो. तो औषध लिहून देत नाही, मुख्यतः हातांनी काम करतो. पण १९९३ च्या कायद्याने त्याची नोंदणी सक्तीची झाली. जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलच्या यादीत नाव नसताना स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवणं तिथे गुन्हा आहे. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. पाटी कुणी लावावी याला अटकाव नाही, त्यामुळे पाटीमागच्या माणसाची मूळ पदवी कोणती, हे आपल्यालाच विचारावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली प्रशिक्षणाचं जे माप घालून दिलं, त्यात वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसासाठी ४,२०० तास धरले आहेत, आणि त्यांपैकी किमान १,००० तास देखरेखीखाली पेशंटवर केलेल्या कामाचे. दोन शनिवार-रविवारच्या शिबिरात हे बसत नाही.

टेबलावर काय होतं

चांगला उपचारक पहिली वीसपंचवीस मिनिटं हात लावतच नाही. दुखणं कधी सुरू झालं, रात्री झोपमोड होते का, खुर्चीवरून उठताना कळ येते की चालताना, ताप, वजन, जुने आजार, चालू गोळ्या, हे सगळं तो विचारतो. मग तुम्हाला उभं करून वाकायला, वळायला लावतो. नंतर बोटांनी पाठीचा एकेक भाग चाचपतो: कुठे स्नायू ताठ आहेत, कुठला सांधा कमी हलतो, कुठे दाबल्यावर नेमकं ‘तेच’ दुखतं.

उपचार बरेच आहेत. स्नायू मळणं आणि ताणणं हा सगळ्यात साधा; मालिशपेक्षा फार वेगळा नाही, फक्त जागा निवडून केलेला. दुसऱ्यात सांधा त्याच्या मर्यादेपर्यंत सावकाश, लयीत हलवत राहतात. तिसरा मला व्यक्तिशः सगळ्यात पटतो: उपचारक तुमचा पाय किंवा मान एका जागी धरतो, तुम्ही त्याच्या हाताविरुद्ध काही सेकंद हलका जोर लावता, मग सैल सोडता, आणि त्या सैलपणात तो आणखी थोडा ताण देतो. यात पेशंट नुसता पडून राहत नाही, त्याच्याही शरीराला काम असतं. चौथा म्हणजे व्हिडिओंमधला प्रसिद्ध कडाका, एका क्षणाचा, अगदी थोड्या अंतराचा वेगवान झटका.

त्या आवाजाचं लोकांना भलतंच आकर्षण. ‘आवाज आला म्हणजे बसलं’ असं धरून चालतात. आवाज हाडाचा नसतो. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. दोन पृष्ठभाग झटक्यात दूर झाले की त्या द्रवात पोकळी तयार होते. २०१५ साली कॅनडातल्या संशोधकांनी बोटं मोडताना एमआरआयमध्ये हे टिपलं. बोटं मोडल्याने संधिवात होतो ही आजीची ताकीदही अशीच. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकी डॉक्टरने साठ वर्षांहून अधिक काळ फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याला हात लावला नाही, शेवटी दोन्ही हात सारखेच निघाले, आणि २००९ साली त्याला विनोदी संशोधनाचं इग नोबेल मिळालं. एका माणसाचा प्रयोग म्हणजे शास्त्र नव्हे, पण चिकाटीला दाद द्यायलाच हवी.

मग ‘बसतं’ ते काय

काहीच बसत नाही, कारण काही उठलेलं नसतं. पाठीचे मणके जाड अस्थिबंधांनी, म्हणजे हाडाला हाड जोडणाऱ्या पट्ट्यांनी, एकमेकांना आवळलेले असतात. ते वाकताना, पोतं उचलताना इकडेतिकडे सरकत नाहीत, आणि मार लागून खरोखर निखळले तर माणूस टेबलावर नाही, अपघात विभागात असतो. १९९८ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दहा पेशंटच्या माकडहाडाजवळच्या सांध्याची जागा विशेष क्ष-किरण पद्धतीने हाताळणीच्या आधी आणि नंतर मोजली. तपासणाऱ्यांच्या बोटांना सांधा ‘जागेवर आल्यासारखा’ वाटत होता. मोजणीत तो तसूभरही हलला नव्हता.

‘मणक्यात गॅप आलाय’, ‘गादी सरकली’ ही वाक्यं आपण इतक्या सहज बोलतो की त्यांची भीती मनात बसून जाते. मग माणूस वाकायचं सोडतो, नातवाला उचलायचं सोडतो. ज्यांना काडीचंही दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या पाठीच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्यांत झीज दिसली, ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्क्यांच्या. गादी फुगलेली दिसणारे विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. एमआरआयच्या रिपोर्टमधल्या बऱ्याच गोष्टी डोक्यावरच्या पांढऱ्या केसांच्या जातीच्या आहेत. नस दबून पायात कळ आणि मुंग्या जाणं हा खरा प्रकार आहेच. पण तिथेही रिपोर्ट आणि लक्षणं जुळावी लागतात.

तर हात लावल्यावर बरं का वाटतं? दुखणं म्हणजे फक्त इजा नव्हे, मेंदू आणि मज्जारज्जूने दिलेला इशारा. एकदा वाड्यात चोरी झाली की राखणीचं कुत्रं पुढे महिनाभर दूधवाल्यावरही भुंकतं; कंबर एकदा धरली की चेतासंस्थेचं तसंच होतं. साधं वाकणंही धोक्याचं वाटतं, भोवतालचे स्नायू ताठ होतात, ताठ स्नायू आणखी दुखतात. या अवस्थेत कुणी विश्वासाने, सावकाश तो भाग हलवला, तर स्पर्शाचे आणि हालचालीचे संदेश मज्जारज्जूत दुखण्याच्या संदेशांना काही काळ मागे ढकलतात, स्नायू सैल होतात आणि ‘अरे, हलवता येतंय की’ हे शरीराला कळतं. हा परिणाम तासांचा किंवा काही दिवसांचा. त्या उसंतीत तुम्ही चाललात, व्यायाम केलात, कामाला लागलात तर फायदा टिकतो. नुसते घरी येऊन पडलात तर पुढच्या आठवड्यात पुन्हा टेबल.

यात आणखी दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, त्या कुठलाच उपचारक सांगत नाही. अचानक धरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरीच उतरते. आणि आपण उपचाराला जातो तेव्हा दुखणं शिगेला पोहोचलेलं असतं. तिथून ते बहुधा खालीच येणार. पायाळू माणसाची कीर्ती याच दोन गोष्टींवर उभी आहे. ऑस्टिओपॅथच्या कीर्तीतलाही काही वाटा यांचा आहे. म्हणूनच खरा उपयोग किती हे बघायला खोट्या उपचाराशी, म्हणजे उपचाराच्या नुसत्या नाटकाशी, तुलना करावी लागते.

चाचण्या काय सांगतात

कंबरदुखीवर सगळ्यात जास्त काम झालं आहे, आणि तसं व्हायलाही हवं. २०२० साली जगात सुमारे ६२ कोटी लोकांना हे दुखणं होतं.

१९९९ साली अमेरिकेत १५५ पेशंटवर झालेल्या चाचणीत ऑस्टिओपॅथिक हाताळणी आणि नेहमीचे उपचार यांचा निकाल बारा आठवड्यांनी सारखाच लागला. फरक एवढाच की हाताळणीच्या गटाला औषधं कमी लागली. २००४ साली ब्रिटनमध्ये १,३३४ लोकांवर मोठी चाचणी झाली. हाताळणीचा फायदा तीन महिन्यांनी थोडा ते मध्यम, वर्षाने थोडाच. २०१३ साली टेक्सासमध्ये ४५५ जुनाट कंबरदुखीच्या पेशंटपैकी निम्म्यांना खरी आणि निम्म्यांना खोटी हाताळणी दिली. दुखणं ३० टक्के किंवा जास्त कमी झालेले खऱ्या गटात ६३ टक्के, खोट्या गटात ४६ टक्के. या दोन आकड्यांकडे नीट बघा. उपचार खोटा असूनही जवळपास निम्मे लोक सुधारले. खऱ्या हातांची कमाई त्यावरचे सतरा टक्के. २०२१ साली फ्रान्समधून ४०० पेशंटच्या चाचणीचा निकाल आला तो अधिक थंड होता: शंभर गुणांच्या मोजपट्टीवर दोन गटांत साडेतीन गुणांच्या आसपास फरक, म्हणजे कागदावर दिसेल पण रोजच्या जगण्यात क्वचित जाणवेल असा.

कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शिकेत म्हटलं आहे की कंबरदुखीवर हाताळणी चालेल, पण व्यायामाच्या जोडीनेच, एकटी नको. मला हा निवाडा योग्य वाटतो. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. लोक हाताळणीला पैसे मोजतात आणि व्यायामाचा कागद फ्रिजवर चिकटवून ठेवतात.

मानदुखी आणि मानेतून उगम पावणारी डोकेदुखी यांतही असाच काही काळाचा, मध्यम आराम मिळतो. रोज आठ-दहा तास लॅपटॉपसमोर वाकलेल्या माणसाची मान मोकळी करून दिली तर त्याला बरं वाटणारच. खुर्ची आणि सवय तीच राहिली तर महिनाभराने तो परत येणारच. गरोदरपणातल्या कंबरदुखीवर अमेरिकेत ४०० स्त्रियांची चाचणी झाली. फक्त नेहमीची काळजी मिळालेल्यांपेक्षा हाताळणी मिळालेल्यांना बरं वाटलं, पण खोटं अल्ट्रासाउंड दिलेल्या गटापेक्षा ठळक फरक निघाला नाही. या काळात औषधं मोजूनमापून घ्यावी लागतात, तेव्हा जाणत्या हातांकडून सौम्य उपचार आणि कुणीतरी अर्धा तास आपलं ऐकून घेणं, एवढ्यासाठी कुणी गेलं तर मी अडवणार नाही. प्रसूतितज्ज्ञांना विचारून मात्र.

कंबर-मानेच्या पलीकडे गेलं की जमीन भुसभुशीत होते. दम्यावर उपयोगाचा भरवशाचा पुरावा नाही. न्यूमोनियाच्या ४०६ रुग्णांवर औषधांसोबत हाताळणी करून पाहिली, सगळे रुग्ण धरून केलेल्या मुख्य हिशोबात फरक आला नाही. बाळाच्या पोटदुखीवरच्या चाचण्या लहान आणि सदोष आहेत, आणि ते रडणं तीन-चार महिन्यांत बहुधा आपसूक थांबतं. कवटीची हाडं एका सूक्ष्म लयीत हलतात आणि बोटांनी ती लय सुधारता येते, असं सांगणारी एक शाखा आहे. मोठ्या माणसाची कवटीची हाडं शिवणींनी घट्ट सांधलेली असतात, आणि एकाच माणसाची ‘लय’ दोन तज्ज्ञांनी वेगवेगळी मोजली तर त्यांचे आकडे जुळत नाहीत. डोक्यावर हलके हात ठेवून कुणी शांत झोपवलं तर छान वाटेल. त्याला उपचार म्हणायची गरज नाही.

कधी हात लावू द्यायचा नाही

उपचारानंतर एक-दोन दिवस अंग ठणकणं नेहमीचं आहे, त्याला घाबरायचं कारण नाही. गंभीर इजा दुर्मीळ आहे. तरी मानेच्या झटक्याबद्दल मी हट्टी आहे. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला आतून चीर पडून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत, आणि सौम्य पद्धतींनी जवळपास तेवढाच आराम मिळत असेल तर हा धोका घ्यायचा कशाला? सलूनमध्ये चंपीनंतर हनुवटी धरून कडकन मान फिरवली जाते, तिला तर सरळ नको म्हणा. मानेत एकाएकी, आधी कधी न झालेली तीव्र कळ आली असेल, सोबत चक्कर, दोन-दोन दिसणं, बोबडी वळणं असेल तर कुणाच्याही टेबलावर न झोपता थेट रुग्णालय गाठा.

कंबरदुखीसोबत लघवी अडली किंवा नकळत झाली, मांड्यांमधला बसायचा भाग बधिर झाला, पायातला जोर कमी होत चालला, तर एकेक तास मोलाचा आहे, थेट रुग्णालय गाठा. पाळी गेलेल्या स्त्रियांची किंवा बरीच वर्षं स्टिरॉइड घेणाऱ्यांची हाडं ठिसूळ असू शकतात. किरकोळ पडल्यावर पाठ धरली तर आधी क्ष-किरण. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर झटके नकोत. आधी कर्करोग होऊन गेला असेल तर नवी पाठदुखी आधी डॉक्टरने बघायची. आणि परदेशी माहितीपत्रकांत ज्यावर एखादीच ओळ असते, ती गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची: मणक्याचा क्षय. आठवडे उलटले तरी न हटणारी पाठदुखी, संध्याकाळी कणकण, रात्री घाम, उतरत जाणारं वजन अशी लक्षणं असतील तर तो मणका आतून पोखरलेला असू शकतो. त्याच्यावर जोर दिला तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. आधी तपासणी, मग बाकी सगळं.

एवढं सगळं पाहून जायचं ठरवलंत, तर पहिल्याच भेटीत मूळ पदवी आणि प्रशिक्षण विचारा. फिजिओथेरपीची किंवा वैद्यकीय पदवी असून त्यावर हे शिक्षण घेतलेला माणूस बरा. न तपासता टेबलावर झोपवणारा, तुमच्या चालू गोळ्या बंद करायला सांगणारा, वीस भेटींचं पॅकेज आगाऊ विकणारा, ‘तुमचा मणका सरकलाय, दर महिन्याला बसवावा लागेल’ म्हणणारा, असा कुणी भेटला तर फी देऊन निघून या. तीन-चार भेटींत चालणं, बसणं, झोप यांत काहीच फरक पडला नाही तर पाचव्या भेटीत पडेल असं धरून चालण्यात अर्थ नाही. परत डॉक्टरकडे जाऊन निदानच पुन्हा तपासून घ्या. आणि फरक पडला, तर त्याच आठवड्यात व्यायाम सुरू करा.